मावशींचा ळ

छापखान्यात मजकूर टाइप करणाऱ्या मावशी लग्नाआधीपासून त्याच खुर्चीवर बसत आल्या होत्या. संगणकाच्या कंपनीनं आपल्या मशीनमधल्या प्रोसेसरची जातच बदलली, आणि मालक हौसेनं नवं मशीन घेऊन आले. मावशींचा जुना टायपिंगचा प्रोग्राम त्यावर रडतखडत चालला, पण प्रत्येक ळ चा ल करू लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या जाहिरातीचा नमुना छापून आला, ‘डोले तपासून मिलतील.’

"आता त्यांच्याकडं पैलवानांची रांग लागणार!" मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, वाचणारा घेतो समजून. कंपनी बदलली, आपणही बदलू," म्हणत मालकांनी जुनं मशीन न्यायला भंगारवाल्याला आत बोलावलं.

मावशींनी त्या मशीनला हाताचा विळखाच घातला.

"कंपनीनं खुशाल स्वतःच्या मशीनची आतडी बदलावीत. ळ काय तिच्या बापाचा आहे? नव्यावर तो नीट उमटेल, त्या दिवशी हे न्या. तोवर हे हलणार नाही, आणि मीही."

भंगारवाला मालकांकडं बघू लागला. मालक डोकं खाजवत म्हणाले, "पण डॉक्टरांना जाहिरात आजच हवीय."

"मग सरका की, उजेड अडवू नका," म्हणत मावशींनी जुनं मशीन चालू केलं.