ताईचा फोन पेटीत जाणार नाही

मोबाईलने माणसं तोडली, असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. माझ्या ताईसमोर म्हणून दाखवा एकदा. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. लोक तिला मुकी म्हणतात, ते तर मला मुळीच खपत नाही. ताईचे हात सुरू झाले की समोरच्याला मध्ये घुसायला जागा मिळत नाही.

आमच्याकडे पहिला फोन आला तेव्हा घरात कोण आनंद झाला. ताई त्यावर तळहात ठेवून बसायची, घंटेचा हादरा जाणवला की दादाला बोलवायची. पुढचं सगळं दादाचं. तिच्यासाठी कोणाचाही फोन येवो, बोलणार दादा, ठरवणार दादा. एकदा शिवणकामाच्या एका वर्गातून फोन आला, ताई शिकवायला येईल का म्हणून. दादाने परस्पर "तिला नाही जमायचं" सांगून टाकलं. ताईला कळलं तोवर जागा भरली होती. दादा वाईट नाही हो. पण तिच्या वतीने बोलायची त्याला इतकी सवय झाली, की तिलाही काही म्हणायचं असेल हे त्याच्या डोक्यातून गेलंच.

मग बटणांचे छोटे मोबाईल आले. ताईने स्वतःच्या पगारातून घेतला आणि पहिला मेसेज मला केला, शेजारच्या खोलीतून: 'काय करतेस?' असला फालतू प्रश्न तिला भिंतीपलीकडच्या माणसाला कधी विचारताच आला नव्हता. मी रडले, सांगायला कसली लाज. पुढे व्हिडिओ कॉल आला आणि ताई सुटलीच. साखरेच्या डब्याला फोन टेकवायचा आणि मैत्रिणीशी दोन्ही हातांनी गप्पा हाणायच्या. आता तर ऐकू न येणाऱ्यांच्या एका ग्रुपवर ती खुणांनी कापड बेतायला शिकवते. कुठून कुठून लोक बघतात, कौतुक करतात, चुका काढतात, भांडतात. ताईला भांडायला जास्त आवडतं.

आम्ही दोघी कपड्यांच्या एकाच कारखान्यात आहोत. ती कटिंगला, मी शिलाईला. मध्यंतरी नवा मॅनेजर आला आणि त्याने फर्मान काढलं: बायका रील बघत बसतात, तेव्हा सगळ्यांनी फोन फाटकावरच्या पेटीत टाकायचे. आम्ही कुरकुरत टाकले. ताईने टाकला नाही. तिच्याशी सगळे फोनवरच बोलतात. समोरचा बोलला की पडद्यावर अक्षरं उमटतात, ती टाइप करते आणि फोन ते मोठ्याने वाचतो. तो पेटीत गेला की ताई पुन्हा दादाच्या तोंडाने बोलणार. मॅनेजरने निरोप धाडला, "फोन नाहीतर नोकरी. आणि घरातल्या कोणाला तरी बोलवा."

दादा इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मी काम टाकून केबिनच्या दारात उभी राहिले. मॅनेजरने ताईकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जरा समजवा हिला," तो दादाला म्हणाला.

"समजावतो साहेब. तिला नियमबियम कळत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत ताईने टेबलावरचा आपला फोन पुढे ओढला. दोघांची वाक्यं पडद्यावर उमटली होती. तिने ती वाचली, दादाकडे एकदा पाहिलं आणि टाइप केलं. फोनमधली बाई सपाट आवाजात म्हणाली, "नियम कळला. पाळणार नाही. दादा, तू बाहेर बस."

"अगं, मी तुझ्याच बाजूने बोलतोय."

"माझ्या बाजूने मी बोलेन," फोन म्हणाला.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी दारातून सरकून त्याला वाट करून दिली. बिचारा बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

आता मॅनेजर चाचरला. "बाई, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. असं करा, फोन ॲप्रनच्या खिशात ठेवा. कोणाला दिसू देऊ नका म्हणजे झालं."

ताईने वाचलं. आवाजाचं बटण शेवटपर्यंत दाबून धरलं. मग फोनमधली बाई अशी कडाडली की जवळच्या दोन-तीन मशिनी थांबल्या.

"लपवणार नाही. टेबलावर ठेवणार. कामावरून काढायचं असेल तर आत्ता सांगा, माझ्याकडे बघून."

मॅनेजरने सवयीने दाराकडे, दादाकडे नजर टाकली. दादा मान खाली घालून बसलेला. शेवटी मॅनेजर ताईकडे वळला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "ठेवा टेबलावर."

ताईने पडद्यावर वाचून खात्री केली, फोन उचलला आणि दादासमोरून ताठ मानेने कटिंगला निघून गेली.

"काय ठरलं गं?" दादाने मला विचारलं.

"तिलाच विचार," मी म्हटलं.

तो उठून तिच्यामागे जायला निघाला, थबकला, परत बसला. मग खिशातून स्वतःचा फोन काढून ताईला लिहायला लागला.