पडलेल्याचा नियम

राक्षसाशी लढायचे नियम गिरणगावात मराठीत आणणारा पहिला माणूस माझा सख्खा मामा, आणि हे मी कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो. संप लांबला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, तेव्हा साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारा मामा फोर्टातल्या एका इमारतीचा वॉचमन झाला. तिथल्या फुटपाथवर मुखपृष्ठावरचा किल्ला बघून, आपल्या गडांचं पुस्तक समजून, त्याने एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ घेतला. निघालं ते एका खेळाचं नियमपुस्तक. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातला एकेक वीर व्हायचं आणि तलवार लागली की हुकली ते फाशाने ठरवायचं. दुसऱ्या कोणी ते रद्दीत घातलं असतं. मामाने गेटवर बसून, डिक्शनरी मांडीवर घेऊन, अकरा फुलस्केप वह्यांत त्याचं मराठी केलं. 'एल्फ'पाशी चार महिने अडला आणि शेवटी 'लांबकान्या' लिहून मोकळा झाला. वीस बाजूंचा फासा मिळेना, तर गणपतीतल्या हाऊजीचे एक ते वीस लाकडी आकडे पिशवीत घातले.

रविवारी दुपारी आम्ही परळला त्याच्या खोलीत जमायचो: मी, दादरचा बँकेतला पाध्ये आणि मासळी विकून थेट वरळी कोळीवाड्यातून येणारी जयवंती. मामा इस्त्रीचा बुशशर्ट घालून बसायचा आणि आधी हजेरी घ्यायचा. उशीर झाला की तुमचा वीर त्या दिवशी गुहेबाहेर! वहीतल्या नियमापुढे त्याला आईबाप नव्हते. पाध्येचा मांत्रिक पायरीवरून घसरून मेला, तेव्हा पाध्येने अर्धा तास वाद घातला. मामाने चष्मा पुसला आणि पुढचं पान काढलं. जयवंतीने भालेवाली कोळीण सहा वर्षं जगवली होती. ती एका वाईट आकड्याने गेली. मामा म्हणाला, "मेली ती मेली. नियम म्हंजे नियम."

मग नवी गोष्ट सुरू करायची वेळ आली. एवढ्या वर्षांत त्या खेळाचे नियम परदेशात कितीदा तरी सुधारले होते. पाध्येने सगळ्यात नवी आवृत्ती आणून मामासमोर ठेवली. "मामा, आता हीच घेऊ. यात पडलेला लगेच मरत नाही, त्याला उठायला तीनदा आकडा काढायची संधी आहे. जुनीच घेणार असाल तर मी नाही येत."

"आणि माज्यो अकरा वह्यो?" मामा म्हणाला.

जयवंती म्हणाली, "दर्यात मानूस पडला तं आमी होरी वलवतो, मामा. तुमचे नियमान कोनी वलवतच नाय."

मामाने पुस्तक ठेवून घेतलं. तीन रविवार खेळ बंद. चौथ्या रविवारी आम्ही गेलो तर अकरा वह्या सुतळीने बांधून कोपऱ्यात ठेवलेल्या. वाटलं, संपला खेळ. मामाने हजेरी घेतली आणि नवं पुस्तक उघडलं.

"हयसर लिवलासा, पडलल्याक सोबत्यान हात दिलो तर तो उठता." त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. "संप मोडलो, तेव्हा बाजूच्या साच्यावरलो माजो जोडीवालो खचलो. गावाक निघान गेलो. मी बघित ऱ्हवलंय. थांब म्हणान सांगाक पण गेलंय नाय." मग पाध्येकडे वळून म्हणाला, "नवीच घेवया."

पासष्टी ओलांडलेल्या माणसाने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम बाजूला सारून नव्या नियमांच्या मराठीसाठी बारावी वही उघडली. असा माणूस माझा मामा आहे हे तेव्हापासून मी अनोळखी लोकांनाही सांगत सुटलोय.

आता त्याची नजर गेली, तो अंबरनाथला मुलीकडे असतो. गोष्ट मी सांगतो, पाध्ये नि जयवंती खेळतात. रविवारी संध्याकाळी मामाचा फोन ठरलेला.

"आज कोण पडलो?"

परवा जयवंतीची नवी कोळीण पडली. पाध्ये पोचला नाही, तिन्ही आकडे वाईट निघाले. नियमाप्रमाणे ती गेली.

"उठली मां?" मामाने विचारलं.

"उठली मामा," मी म्हटलं. "पाध्येने हात दिला."