मामांचा चंद्रोदय

सूर्यमालेतल्या यच्चयावत चंद्रांची जातीने काळजी वाहणारा एकच माणूस मी पाहिला, ते म्हणजे माझे मामा. बंगळूरला चामराजपेटेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान; पण गिऱ्हाइकाने आधी गुरूच्या चंद्रांची खुशाली ऐकायची, मग घड्याळ मागायचं. माझ्या मुंजीत पंगतीचा ताबा त्यांच्याकडे होता. गुरूचा एक चंद्र एक फेरी मारतो तेवढ्यात दुसरा दोन मारतो आणि तिसरा चार, म्हणून मामांनी मठ्ठा एकदा, सार दोनदा आणि भात चारदा फिरवला. पाहुण्यांना पाटावरून उठवेना. एकदा आमचा ऑटोवाला एकेरी रस्त्यात उलटा घुसला. समोरून शिव्यांचा भडिमार, आणि मामा मागे खुशीत: "सरी, सरी! बरोबर आहे! नेपच्यूनचा थोरला चंद्रसुद्धा असाच उलटा फिरतो."

मामींचा चंद्राशी संबंध फक्त संकष्टीपुरता. उपास सोडायची वेळ त्या मुंबईहून आलेल्या कॅलेंडरात बघायच्या आणि मामा खवळायचे. "मुंबईच्या चंद्रासाठी बंगळूरची बायको उपाशी ठेवायची? आपल्याकडे तो पंधरा-वीस मिनिटं आधी येतो!" मग स्वतः गणित मांडायचे, तरी गच्चीत जाऊन चंद्र डोळ्यांनी पाहायचे, आणि वरूनच हाक मारायचे, "अगं, आला गं! पान घे." त्या हाकेशिवाय मामींनी कधी उपास सोडला नाही.

पुढे मामींचे गुडघे जिना चढेनासे झाले आणि त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात लेकाकडे राहायला गेल्या, चौदाव्या मजल्यावर, लिफ्टच्या घरात. मामा काही दुकान आणि गच्ची सोडेनात. "चंद्रसुद्धा पृथ्वीपासून दरवर्षी दोन बोटं लांब जातो," असं मला म्हणाले, आणि बराच वेळ एकाच घड्याळाची काच पुसत बसले. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता.

गेल्या संकष्टीला मी मामींकडे होतो. खिडकीत चंद्र चांगला वर आला होता, पान वाढून ठेवलेलं होतं, आणि सत्तरीच्या मामी सकाळपासूनच्या उपाशी, फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मामांच्या गच्चीसमोर आता पाच मजली इमारत उभी राहिली आहे. त्यांना चंद्र अर्धा तास उशिरा दिसतो.

"मामी, हा काय समोर चंद्र. जेवा ना आता."

"स्वल्प थांब रे. त्यांना अजून दिसला नाही."

शेवटी फोन वाजला. मामांचा आवाज मलाही ऐकू आला, "अगं, आला गं! पान घे."

"आला का?" मामी खिडकीतल्या चंद्राकडे बघत म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत. इकडे अजून दिसला नव्हता."