डावीकडची खुर्ची

प्रूफमामांनी सव्वीस वर्षं भाचीच्या पियानोशेजारी बसून पानं उलटली, आणि सव्वीस वर्षांत तिचं वाजवणं धड ऐकलं नाही. खोटं वाटेल, पण अगदी खरं आहे.

मामा छापखान्यात प्रुफं तपासायचे, म्हणून सगळे त्यांना प्रूफमामा म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून डोळे असे तयार झाले होते, की लग्नाची पत्रिका हातात पडली तरी नवरानवरीचं नाव वाचायच्या आधी त्यातली चूक काढून मोकळे! स्वतः लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत ते, खाली धाकटी बहीण, मेहुणे आणि भाची. भाची नऊ वर्षांची असताना शाळेच्या कार्यक्रमात पंख्याच्या वाऱ्याने तिच्या पुस्तकाचं पान उलटलं. पोरगी अडली आणि रडवेली होऊन लोकांकडे बघत बसली. मामा उठले, तरातरा मंचावर गेले आणि पान धरून उभे राहिले. ते तिथे चिकटले ते कायमचेच.

पान उलटणं म्हणजे काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा करून बघावं. मामा त्यासाठी स्वरलिपी वाचायला शिकले, तेही पन्नाशीला टेकल्यावर. पियानोच्या डावीकडे, जरा मागे खुर्ची. पान संपायला दोन ओळी उरल्या की आवाज न करता उठायचं. डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरायचा, बाही सुरांवर येता कामा नये. भाचीची हनुवटी किंचित खाली गेली की उलटायचं आणि बसायचं. दोन पानं एकदम येऊ नयेत म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक कोपरा जरासा दुमडून ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऐकायचं नाही! एकदा भाचीच्या परीक्षेत मामा ऐकायला लागले आणि त्यांना उठायला उशीर झाला. भाचीने कसंबसं निभावलं, परीक्षकांच्या लक्षातही आलं नाही. पण मामांना दोन दिवस जेवण गेलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी कानांना सुट्टी दिली. घरचा सराव असो की कार्यक्रम, नुसते डोळे आणि मोजणी. कार्यक्रम कसा झाला म्हणून कुणी विचारलं, तर म्हणायचे, "अठ्ठावीस पानं. एकही अडकलं नाही."

आणि यंदा भाचीने टॅब्लेट आणला. सुरांचं पुस्तक त्यातच, खाली एक पेडल, पायाने दाबलं की पान बदलतं.

"मामा, या वेळी तू खाली बस हं," ती चहा ओतता ओतता म्हणाली. "तिसऱ्या रांगेत तुझी जागा धरलीय."

"बरं," मामा म्हणाले, आणि चहा तसाच टाकून वर गेले.

थोड्या वेळाने बहीण जिना चढून आली. "दादा, तोंड पाडून बसायला काय झालं?"

"मला कुठे काय झालंय? यंत्र आलं, माणूस घरी. छापखान्यात तरी दुसरं काय झालं होतं?"

"ती तुला घरी बसवत नाहीये. सभागृहात बसवतेय."

"एकच ते."

"मग येत नाही म्हणून तूच तिला सांग. मी मधे पडणार नाही."

आता हे भाचीला सांगायचं कुठल्या तोंडाने? मामांना रुसता यायचं, पण तिच्यासमोर नाही. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. पानं उलटायची नसतील, तर या पोरीला आपली गरजच काय उरली?

रविवारी संध्याकाळी पाचला मामा इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसले. मंचावर चौघं. पियानोवर भाची, उंच व्हायोलिनवाली, तिच्याशेजारी व्हिओलावाला, आणि कधी हसताना न दिसलेला चेलोवाला. रचना दीडशे वर्षांपूर्वीची, चार भागांची. मामांना ती पाठ होती. म्हणजे चव्वेचाळीस पानं.

पहिला भाग सुरू झाला. मामांची नजर भाचीच्या पायावर. बंद पड, ते मनात पेडलला म्हणत होते. एकदाच बंद पड. तीन ढांगांत पोचतो की नाही बघ! पण मेलं ते यंत्र शहाण्यासारखं चालत राहिलं. मांडीवर मामांची बोटं मात्र दर पानाला उचलत होती. शेजारच्या बाईंनी दोनदा वळून बघितलं. दुसऱ्या भागात पानं धावत होती, बोटांची नुसती त्रेधा उडाली.

तिसरा भाग संथ. पान पंचविसावं, सूर थोडे. मंचावर असताना मामा इथे डोळ्यांना जरा विसावा द्यायचे. चेलोवाल्याने तारांवर गज ठेवला आणि हळूच काहीतरी म्हणायला सुरुवात केली. व्हायोलिनने ते त्याच्या हातातून घेतलं, पुन्हा म्हटलं, जरा वरून. व्हिओला मधूनच हो म्हणत होता. आणि खाली भाची सगळ्यांना सांभाळत होती, पंगतीत वाढणाऱ्या माणसासारखी, स्वतःचं पान न मांडता. मग तिघंही थांबले आणि ती चाल तिच्याकडे आली. एकटीकडे. तिने ती इतकी हलकी वाजवली, की मामा खुर्चीत पुढे सरकून बसले.

ही आपली पोरगी? नाक पुसत पुसत सराव करायची ती?

त्यांनी मांडीकडे बघितलं. हात निवांत पडला होता. किती पानं गेली, कुणास ठाऊक. मोजावंसंही वाटेना. डोळे भरून आले, ते त्यांनी भरू दिले.

चौथा भाग झाला, टाळ्या झाल्या, लोक उठले. मामा बसूनच होते. हार-तुरे घेऊन उभ्या असलेल्यांना चुकवून भाची थेट त्यांच्यापाशी आली.

"मी मनात म्हणत होतो, बंद पडू दे ते यंत्र," मामांनी आधी कबूल करून टाकलं.

"माहीत होतं मला. म्हणून तर दोनदा चार्ज केलं." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "ऐकलंस का पण?"

एवढ्या लोकांपुढे बिनधास्त वाजवणारी ती, आणि आता निकालाची वाट बघणाऱ्या पोरीसारखी मामांकडे बघत होती.

"पोरी, मला माहीतच नव्हतं गं."

"काय?"

"तू असं वाजवतेस ते. एवढा जवळ बसायचो, हाताच्या अंतरावर. आणि मला माहीतच नव्हतं."

भाची पस्तीस वर्षांची, चार लोकांत नाव असलेली बाई. ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. फुलंवाली मंडळी लांबच थांबली. मामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पोटभर रडू दिलं.

"तो संथ भाग घरी एकदा वाजवशील?" मग त्यांनी विचारलं. "आज सगळा ऐकू आला नाही. डोळे पुसण्यात मधला थोडा गेला."