सगळ्यांना दुरुस्ती मिळाली, मेश्रामकाका सोडून

मंडळी, दुपारपासून डोकं काम करून नाही राहिलं. तुम्हीच सांगा, कसं करू?

कारखान्यातली कोणाची शिफ्ट कधी ते दाखवणारं माझं छोटं ओपन सोर्स अ‍ॅप तुमच्यातले बरेच जण वापरतात. त्याचे दोन चॅनल, म्हणजे दोन आवृत्त्या आहेत. स्टेबल सगळ्यांसाठी, आणि बीटा नवीन गोष्टी आधी तपासून पाहणाऱ्या पाच-सहा जणांसाठी.

काल खुर्सीपार वस्तीतून, कारखान्यात ड्यूटी करणाऱ्या मेश्रामकाकांचा फोन आला. "आठवड्याच्या ऑफनंतरची शिफ्ट चुकीची दाखवून राहिलं रे तुझं अ‍ॅप." मी तासाभरात हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती काढली, स्टेबलवर सोडली आणि काकांना कळवलं, "झालं दुरुस्त."

आज काका घरीच आले. "ड्यूटी सकाळची होती, अ‍ॅपनं दुपारची दाखवली. गैरहजेरी लागली ना! तू तर म्हणला होता दुरुस्त केलं."

त्यांचा फोन पाहिला, तर काका बीटावर! मीच टाकलं होतं त्यांना, कारण त्यांच्याएवढं बारकाईनं कोणी पाहत नाही. ती दुरुस्ती बीटात टाकायचीच राहून गेली होती.

आधी बीटावर तपासत बसलो तर बाकीचे सगळे अडकतात. थेट स्टेबलवर सोडलं तर हे असं होतं. घाईत दोन्हीकडं सोडलं आणि दुरुस्तीच चुकली तर?

शेवटी म्हटलं, "काका, तुमाले स्टेबलवर टाकून देतो."

"कावून? मंग चूक कोण सांगन तुले?"

 तुम्ही काय म्हणाला असता?