व्हर्लन टिसडेलची कलमं

लेक ऑर्डवेच्या काठावरच्या कॉलेजात कुणी नवा प्राध्यापक राहायला आला, की महिन्याभरात व्हर्लन टिसडेल त्याच्या दारात हजर व्हायचा, हातात संत्र्याचं कलम घेऊन. कॉलेज एक वेळ घराची किल्ली द्यायला विसरेल, पण व्हर्लन कलम विसरायचा नाही. खड्डाही तोच खणून द्यायचा. एकोणिसाव्या वर्षी तो कॉलेजच्या बागेत कामाला लागला, तेव्हा तिथे माणसांपेक्षा संत्र्याची झाडं जास्त होती. मग वसतिगृहं आली, गाड्या लावायला जागा लागली आणि झाडं गेली. प्रार्थनामंदिरामागचं एक म्हातारं झाड तेवढं राहिलं. १८९५च्या हिमात सगळ्या बागा जळाल्या, तेव्हा हे बुडापासून पुन्हा फुटलं होतं. कलमासाठी व्हर्लन डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, भरायचा ते याच झाडाचे.

आणि भरावेत तर त्यानेच. खुंटाच्या सालीला चीर, आत डोळा, वर पट्टी, पुढचं रोप. शंभरातली अठ्ठ्याण्णव लागायची. याचा त्याला गर्व होता आणि तो झाकायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. सरकारने नियम काढला, की डोळे फक्त तपासलेल्या, जाळीबंद रोपवाटिकेतलेच घ्यायचे. व्हर्लन हसला. "हे कंपन्यांसाठी. नियम करणाऱ्यांचे आजे रांगत होते, तेव्हापासून माझं झाड उभं आहे."

२००४ साली एका मोसमात तीन चक्रीवादळं येऊन गेली आणि तळ्यापलीकडच्या ऑटोलीन रेनफ्रोची अर्धी बाग आडवी झाली. ऑटोलीन त्याची शाळासोबतीण, दहा वर्षांपूर्वी विधवा झालेली. उरलेली दहा एकर तिच्या आजोबांनी लावलेली होती, ती तगली.

"रोपवाटिकेत दोन वर्षांची रांग आहे रे," ती म्हणाली. "तू देशील भरून?"

"किती?"

"हजार. आणि तोंड असं करू नकोस, पेकनचा पाय भाजून देईन."

अक्रोडासारख्या पेकनच्या दाण्यांचा हा गोड पदार्थ, हाच तिचा मोबदला. व्हर्लनने हजार कलमं गुडघ्यांवर बसून बांधली.

चार वर्षांनी म्हाताऱ्या झाडाची एक फांदी पिवळी पडली. तिकडे पान पिवळं दिसलं, की माणूस पहिलं नाव घेतो जस्ताचं. झाडाला भूक लागली, फवारा. जस्ताच्या भुकेत पान मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना सारखं पिवळं होतं. हे एका अंगाला होतं, दुसऱ्याला नव्हतं. व्हर्लनच्या डोळ्यांना ते दिसलं आणि त्याने दिसू दिलं नाही. जस्त फवारलं. ऑटोलीनची नवी झाडं पिवळी पडायला लागली, तेव्हा तिलाही तेच सांगितलं.

जानेवारीत क्लेटन आला. विद्यार्थी असताना तो व्हर्लनच्या हाताखाली राबलेला, आता शेतीखात्यात तपासनीस होता. टोपी काढून उभा राहिला, तेव्हाच व्हर्लनने ओळखलं.

"मिस्टर व्हर्लन, ग्रीनिंगचा रोग आहे. याला औषध नाही. याचे डोळे कुठे कुठे गेलेत, ते मला लिहून न्यावं लागेल."

"लिहू नकोस. मी स्वतः जाऊन सांगतो."

"लवकर सांगा. फेब्रुवारीत नवती फुटेल, तिच्यावर तो बारीक किडा बसेल आणि चांगल्या झाडांतही रोग नेईल. त्याआधी आजारी झाडं उपटली पाहिजेत."

क्लेटनने नियम मोडून विश्वास ठेवला. पुढच्याच महिन्यात त्याची बदली झाली.

व्हर्लन आधी सोप्या दारांवर गेला. प्राध्यापक म्हणाले, "अहो, काढून टाका ना, आम्ही कुठे ती फळं खातो!" हे त्याला फारच लागलं. ऑटोलीनच्या वाटेला तो वळलाच नाही.

"तिला सांगितलंस?" बायको रोज विचारायची. नॅडीन बोलायला तिखट. "का जिभेलाही पट्टी गुंडाळलीस?"

फेब्रुवारीत ऑटोलीननेच त्याला बोलावलं. आजोबांच्या दहा एकरांत कोवळी नवती लसलसत होती. "बघ तरी! दिसतेय की नाही छान?"

"छान आहे," व्हर्लन म्हणाला.

त्या दिवशी घरी नॅडीनने पुन्हा विचारलं.

"सांगितलं," तो म्हणाला.

"जानेवारीत कळलं होतं, हेही?"

"सगळं."

नॅडीनने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "सोपं नव्हतं ते. मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

ऑटोलीनला त्याने खरोखर सांगितलं ते मे महिन्यात. ती जाळीच्या ओसरीत बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात."

ती उठली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुला काय माहीत असणार, बाबा? रडू नकोस." व्हर्लन खरंच रडत होता, पण ती समजत होती त्यासाठी नाही.

नवी झाडं लगेच उपटली. थंडीत आजोबांची दहा एकरही पिवळी पडली. फळं हिरवट, वाकडी, तोंडात घालवेनात अशी कडू. शेवटी सगळी झाडं यंत्राने ढकलून त्यांचे ढीग केले आणि जाळले. धूर तीन दिवस तळ्यावर होता. जमीन कॉलेजने घेतली, होड्या ठेवायला आणि खेळाच्या मैदानाला.

व्हर्लन निवृत्त झाला, तेव्हा कॉलेजने तळ्याकाठच्या सभागृहात जेवण ठेवलं. दोन-अडीचशे माणसं आली. तोडलेल्या म्हाताऱ्या झाडाच्या लाकडाचं मानचिन्ह दिलं. नॅडीन त्याच्या शेजारी बसली होती. तिचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. चार भाषणं झाली. मग ऑटोलीन काठी टेकत पुढे गेली.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "पण माझी बाग गेली तेव्हा या काउंटीत बऱ्याच जणांनी तोंड लपवलं. याने नाही. त्याला कळलं आणि आठवड्याच्या आत, त्या मे महिन्यात, तो माझ्या दारात आला आणि लेकरासारखा रडला. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. व्हर्लनला वाटलं, आत्ता बोलावं. तो उठला. समोर ऑटोलीन डोळे पुसत हसत होती.

"आभारी आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

नॅडीनने टाळी वाजवली नाही. तिने त्याच्या गुडघ्यावरचा आपला हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि घरी जाताना गाडीत ती मागच्या सीटवर बसली.