जीभ दाखव!

बालाघाटच्या दवाखान्यात बाईला शेवटचं भेटले तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. मी वाकले, तर ओठ हलले... "जीभ." नर्सला वाटलं, पाणी हवंय, ती चमचा घेऊन धावली. मी मात्र सत्तरी ओलांडलेली आजीबाई, अख्ख्या वॉर्डासमोर जीभ काढून उभी राहिले. बाई हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

बाई म्हणजे मार्था, माझी थोरली जाऊ. जिभेची गोष्ट खरं तर तीच माझ्यापेक्षा रंगवून सांगायची. मी गोंदियाहून लग्न होऊन आले तेव्हा मॅट्रिक होते, गोरी होते, आणि दोन्ही गोष्टी प्रभूची माझ्यावरची खास मेहरबानी समजत होते. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांवरून फिरायचा. पाळकसाहेब फडक्यानं काठ पुसत पुढे सरकायचे. कुणाला कधी शिंकसुद्धा आली नाही. मग लामता गावाकडची गोंड आदिवासी कुटुंबं उपासनेला येऊ लागली आणि लगेच आमच्या कमिटीला जंतूंचा शोध लागला. ठराव झाला : ज्याला त्याला वेगळा, छोटा काचेचा ग्लास. ग्लास माहेराहून मी आणले, ट्रेवर क्रोशाचं झाकणही मीच विणलं. काळेपणा उष्ट्यातून लागतो, अशी माझी तेव्हाची शास्त्रीय समजूत होती!

त्या रविवारी मी ट्रे घेऊन ऐटीत उभी, तर लामत्याची फुलवंता चटईवरून उठली. "दीदी," ती बाईला म्हणाली, "हमारे आने से पहले तो ये नहीं था. अब हम नहीं आएंगे." तिच्यामागे बाकीचेही चपला शोधू लागले... बाई तरातरा पुढे आली.

"पाळकसाहेब, मांगच्या महिन्यापर्यंत हे जंतू कुठी गेलते? प्रभूनं विहिरीवरच्या परक्या बाईले पाणी मागतलं, तवा तिचा घडा तपासला होता काय?"

मी पुटपुटले, "बाई, ठराव कमिटीचा आहे, माझा नाही."

"हौ वो, ठराव त्याहिचा. पण ट्रे कोणाच्या हातात हाय?"

तिनं फुलवंताला हाताला धरून आणलं, दोघी शेजारी गुडघे टेकून बसल्या. बाईनं पाळकसाहेबांना जुनाच प्याला आणायला लावला. आधी फुलवंता प्यायली. पाळकसाहेब काठ असा घासू लागले, जणू पितळेचा हंडा. "ऱ्हाऊ द्या, मले तसाच चालते," म्हणत बाई प्यायली आणि माझ्याकडे वळली, "आता तू."

मी डोळे घट्ट मिटून घोट घेतला. घरी येऊन संध्याकाळपर्यंत आरशात जीभ तपासत होते. बाईनं दारातून पाहिलं. "काहून वो, काळी झाली काय?" म्हणाली आणि हसता हसता उंबऱ्यावरच बसली.

तेव्हापासून दर प्रभुभोजनानंतर, चर्चच्या पायऱ्यांवर, चारचौघांत हुकूम व्हायचा : "दाखव जीभ!" फुलवंताला तर तिनं सगळं केव्हाच सांगून टाकलं होतं, सगळ्यात जास्त तीच हसायची. मुलासाठी 'गोरी पोरगी पाहून राह्यलो' म्हणणाऱ्या बाप्यांनाही बाई आधी जीभ काढायला लावायची. आणि ते ग्लास? त्यांतून माझी नातवंडं खोकल्याचं औषध प्यायली.

परवाच्या रविवारी मी बाईच्या जागी, फुलवंताशेजारी बसले. प्याला तिच्याकडून आला तेव्हा नव्या पाळकांचा फडक्याचा हात मीच धरला. बाहेर पायऱ्यांवर येऊन सवयीनं थांबले... कुणी काही म्हणेना. उगाच चपलेचा पट्टा नीट करत राहिले. तेवढ्यात समोर काठी आपटली.

"अरे, दिखाओ ना!"

मी दाखवली. फुलवंतानं डोळे बारीक करून, मान इकडे-तिकडे करून पाहिलं. "इस बार थोडी काली लगती है," ती म्हणाली.

हे बाईला सांगायलाच हवं, असं वाटून मी मागे वळलेसुद्धा.